लातूर-नांदेडमध्ये शेत आणि घर घेताय? सातबाऱ्याआधी विहीर बघा

पुण्या-मुंबईत नोकरी, पण गावाकडे एक-दोन एकर रान आणि त्यात छोटे घर असावे, अशी लातूर-नांदेडच्या अनेक कुटुंबांची इच्छा असते. मोबाइलवर जाहिरातीही येतात: 'रोडटच जमीन, बोअरला भरपूर पाणी, क्लिअर टायटल'. व्यवहार याच तीन दाव्यांवर ठरतो. फसगत झाली, तर तीही बहुधा यांपैकीच एका ठिकाणी होते. म्हणून इसार देण्याआधी काय तपासायचे, ते समजून घेऊ.

पाणी कधी बघायचे?

लातूरचा सरासरी पाऊस ७०० ते ८०० मिलिमीटरच्या आसपास आहे. हा काही वाळवंटाचा आकडा नाही. तरीही मांजरा धरण आटल्यामुळे एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते.

पाऊस बरा असूनही पाणी टिकत नाही, याचे एक कारण जमिनीखाली आहे. इथे काळा बेसाल्ट खडक आहे. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. त्यामुळे शेजाऱ्याच्या बोअरला पाणी असले, तरी ५० फुटांवर घेतलेले बोअर कोरडे जाऊ शकते.

श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर बघून सौदा करू नये. मे महिन्यात जावे, मोटर सलग दोन-तीन तास चालवून पाहावी आणि शेजारच्या शेतकऱ्यांना विचारावे. विहीर सामाईक असेल, तर आपला हिस्सा सातबाऱ्याच्या 'इतर अधिकार' रकान्यात आहे का, हेही बघावे.

'पाणी लागले नाही तर आणखी खोल जाऊ' या भरवशावर राहू नये. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ नुसार शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा खोल विहीर घेण्यास मनाई आहे. गावोगाव त्याहून कितीतरी खोल बोअर घेतली जातात, ही गोष्ट वेगळी.

जमीन कोण घेऊ शकतो?

महाराष्ट्रात शेतजमीन घेण्यासाठी सर्वसाधारणपणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो. मराठवाडा पूर्वी निजामाच्या राज्यात होता, म्हणून इथे हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. वडिलोपार्जित जमीन आधीच विकली गेली असेल, तर शेतकरी असल्याचा पुरावा तहसील कार्यालयातून पक्का करूनच पुढे जावे.

किन्वट-माहूर भागात आणखी एक अट येते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही.

सातबाऱ्यावर काय वाचायचे?

• भोगवटादार वर्ग १ आहे की २? वर्ग २ असेल, तर विक्रीवर निर्बंध असतात. मराठवाड्यात इनामी, मदतमाश आणि खिदमतमाश जमिनी बऱ्याच आहेत. जुना फेरफार काढून मूळ प्रकार पाहावा.
• बँकेचा बोजा, वारसांची नावे, बहिणींचा हिस्सा आणि न्यायालयातील दावा.
• भूसंपादनाची नोंद किंवा नोटीस. महामार्गांच्या चर्चेने जमिनीचे भाव चढतात, पण आखणी बदलली की अंदाजही चुकतात.
• क्षेत्र. २०२३ च्या अधिसूचनेनुसार राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान 'फार्म प्लॉट' बाँडवर लिहून मिळत असेल, तर तो घेऊ नये.

रस्ता खरंच आहे का?

'रोडटच' म्हणजे अनेकदा दुसऱ्याच्या बांधावरून जाणारी पायवाट असते. गावनकाशावर पाणंद किंवा शिवरस्ता आहे का, ते बघावे. रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून वाट मागता येते. मात्र, हा हक्क मिळेपर्यंत शेजाऱ्याशी वैर आणि काही हंगाम खर्ची पडतात. खरेदीपूर्वी सरकारी मोजणी करून घेणे त्याहून स्वस्त पडते.

घराचे काय?

राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत शेतघरासाठी किमान ०.४० हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन लागते. गावठाणातले जुने घर घेत असाल, तर लक्षात ठेवा की ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे.

जुन्या घराचे माळवद आणि दगड-मातीच्या रुंद भिंती उन्हाळ्यात गारवा देतात. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे अशाच घरांखाली गाडली गेली. अभियंत्याने तपासल्याशिवाय अशा घरात राहायला जाऊ नये.

मग अडते कुठे?

खरेदीखत नोंदवताना ओळखपत्र, मुद्रांक, सातबारा सगळे पाहिले जाते. पाण्याबद्दल कोणीच विचारत नाही. खरे तर भूजलाची स्थिती आणि टँकरचा इतिहास गावनिहाय सातबाऱ्यासोबतच दिसायला हवा. नव्या मालकाचे बोअर शेवटी गावाच्याच पाण्यातून उपसा करते, त्यामुळे हा प्रश्न एकट्या खरेदीदाराचा नाही. जमीन घेणाऱ्याने पहिल्या पावसाळ्याआधी बोअर आणि विहिरीच्या पुनर्भरणाची सोय करावी, हे त्याच्या आणि गावाच्याही हिताचे आहे.

तोवर घाई नको. इसारासाठी मागे लागलेला दलाल मे महिन्यापर्यंत थांबायला तयार नसेल, तर तेवढे उत्तर पुरेसे आहे.