तूस कोणाचं?



आपल्या पाड्यांवर 'प्लांटेशन' हा शब्द ऐकला की म्हातारी माणसं आजही कान टवकारतात. प्लांटेशन म्हणजे फॉरेस्टवाले आले, कसत्या जमिनीत खड्डे मारले, साग नायतर निलगिरी लावली आणि आपलं नागली-वरईचं रान गेलं. आता वनहक्काचा पट्टा हातात आलेल्या घरांनी स्वतःच्या प्लॉटवर आंबा-काजूची कलमं लावायला घेतली आहेत. ही लागवड आपली आहे. पण ती जगणार कशावर, हे या अंकात बोलायचं आहे.

आपले बहुतेक प्लॉट वरकस जमिनीचे. उतार, मुरूम, वर चार बोटं माती. पावसाळ्यात पाणी धो धो वाहतं आणि माती घेऊन जातं. होळी आली की तीच जमीन दगडासारखी होते. कलम पहिले दोन उन्हाळे निघालं तर निघालं, नायतर आळ्यात नुसती काठी उरते. पाणी कमी आहे हे खरंच, पण पडलेलं पाणी धरून ठेवणारं मातीत काही नाही, हे त्याहून खरं. दुकानदार म्हणतो गोणीतलं खत घाला. ते खत पहिल्या सरीबरोबर ओढ्याला जातं आणि उधारी आपल्याकडे राहते.

मातीत घालायची एक वस्तू मात्र दरवर्षी आपल्याच भातातून निघते आणि दुसऱ्याच्या दारात जाते. ती म्हणजे तूस.

पूर्वी बाया घरीच उखळात नायतर घिरटावर भात काढायच्या. तूस अंगणात पडायचं, तिथून उकिरड्यात, उकिरड्यातून शेतात. मग गिरण आली. बायांचे हात सुटले, चांगलंच झालं. पण तूस गिरणीतच राहिलं. एक क्विंटल भातातून साधारण वीस किलो तूस निघतं. समजा पाड्यावर साठ घरं आहेत आणि घरटी दहा क्विंटल भात गिरणीत जातं. म्हणजे सहाशे क्विंटल भात आणि एकशेवीस क्विंटल तूस. भरडाईचे पैसे आपण देतो, तूस सोडून येतो. पुढे ते तूस ट्रक भरून वीटभट्टीवर जातं. दिवाळी झाली की आपली कातकरी, वारली कुटुंबंही उचल घेऊन त्याच भट्टीवर जातात. आपलं तूस आणि आपली माणसं एकाच आगीजवळ पोचतात, फक्त तुसाच्या बदल्यात आपल्याला उचलसुद्धा मिळत नाही.

कोणी म्हणेल, तूस काय कामाचं? गुरं खात नाहीत, कुजत नाही. अर्धं खरं आहे. कोंडा वेगळा, तूस वेगळं. कोंडा खाद्य आहे. तुसात वाळूच्या जातीचा अंश भरपूर असतो, त्याला सिलिका म्हणतात, म्हणून ते लवकर कुजत नाही. ते युरियासारखं खत नाही, त्यात नत्र फार थोडं. पण लवकर कुजत नाही हाच आपल्या मुरमाड जमिनीत त्याचा गुण. ते माती भुसभुशीत ठेवतं, मुळांना हवा देतं, ओल टिकवतं.

राबाची गोष्ट आठवा. टहाळ, पालापाचोळा, शेण पसरून जाळायचं आणि त्यावर भात पेरायचं, ही आपली जुनी रीत. टहाळ तोडण्यावरून इंग्रजांच्या काळापासून आपल्यावर केसेस झाल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली तक्रार एवढी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. साहेब म्हणायचे, आदिवासी जंगल जाळतो. पुढे कोकणात डॉ. सावंत यांनी भाताची चारसूत्री पद्धत मांडली, तिच्या पहिल्या सूत्रात काय आहे? रोपांच्या वाफ्यात तुसाची काळी राख मिसळा, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो, रोप काटक होतं. म्हणजे भाताचं भाताला परत द्या. आपले आजे-पणजे वेडे नव्हते.

आता बागेसाठी काय करायचं ते सांगतो.

पहिलं, कच्चं तूस खड्ड्यात मुळांशी भरू नका. ते कुजायला लागलं की मातीतलं नत्र ओढून घेतं आणि कलम पिवळं पडतं. आधी ते गोठ्यात, शेळ्यांच्या कुडात अंथरा. गुरांचं मूत त्यात मुरू द्या. मग शेण, ओला पाला, टाकळा यांच्याबरोबर थर लावून खड्ड्यात टाका. ओल ठेवा, महिन्या-दीड महिन्याने खालीवर करा. टाकळा मात्र बी धरायच्या आधीचा घ्या. आज टाकलेलं पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाला कलमांना घाला. थोडं तूस न कुजता दिसलं तरी चालेल.

दुसरं, काळी राख. ढीग भडकू न देता धुमसत जाळायचा. सगळं काळं झालं की पाणी मारून विझवायचं. पांढरं होऊ दिलं तर वीस किलो तुसाची चारेक किलो राख उरते आणि ओल धरणारा कोळसा जातो. काळी राख शेणखतात मिसळूनच वापरा, नुसती ढिगाने मुळाशी नको.

तिसरं, पाऊस थांबला की जमीन ओली असतानाच आळ्यात तीन-चार बोटं तूस पसरा. बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडा. वर थोडी माती, दगड ठेवा, नायतर वाऱ्याने उडेल. वणव्याच्या दिवसांत तूस आतल्या आत धुमसतं, म्हणून प्लॉटभोवती जाळरेषा काढल्याशिवाय हे करू नका.

आणि काजूच्या कारखान्यातली टरफलं फुकट मिळतात म्हणून आणू नका. त्यातलं तेल हाताची कातडी सोलतं. सगळाच कचरा खत नसतो.

आता जमिनीच्या हक्काचं. काही जण म्हणतात, झाडं लावली की दावा पक्का. असं नाही. कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५ आहे. त्यानंतर नवी जमीन फोडून तिथे झाड लावलं तर हक्क तयार होत नाही, उलट खऱ्या दावेदारांना त्रास होतो. पण त्याआधीपासून कसत असलेल्या प्लॉटवर तुम्ही घातलेले बांध, केलेली सपाटी हे नियमांप्रमाणे पुरावे आहेत. पंचनाम्यात ते लिहूनच घ्या. दावा अजून पडून असेल तर चौकशी पूर्ण होईपर्यंत तुम्हाला हटवता येत नाही. ज्यांना पट्टा मिळाला त्यांनी एक लक्षात ठेवा: नवरा-बायको दोघांच्या नावाची ही जमीन पोरांना जाते, पण विकता येत नाही. सावकार आणि बिल्डर म्हणतात, मग तिची किंमत काय? साथींनो, तिची किंमत म्हणजे तिच्यातली माती. आपल्या पोरांना पैशाची ठेव देता येणार नाही. चार बोटांची माती वीतभर करून देता येईल.

तूस एकेकट्याने मागितलं तर गिरणवाला हसेल. म्हणेल, तूस भरडाईतच धरलंय. म्हणून हे घराघराचं काम नाही, ग्रामसभेचं आहे. भात कापणीला यायच्या आधी प्रत्येक पाड्याने बसून तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, आमच्या भाताचं तूस आमच्याबरोबर परत येईल, ऐकत नसेल तर सगळा पाडा दुसऱ्या गिरणीत जाईल. दोन, तांदूळ आणणाऱ्या गाडीतच तुसाच्या गोण्या येतील. वजन हलकं असतं, जागा जास्त लागते, म्हणून भाडं वाटून घ्यावं. तीन, ज्यांच्याकडे गुरं नाहीत आणि ज्यांची माणसं भट्टीवर जातात त्यांच्या कलमांना आधी वाटा द्यावा. त्यांचं रान सहा महिने राखणीवाचून असतं.

एका तुसाने भट्टीची वाट बंद होणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. पण आंबा-काजू धरायला लागला तर उचल घेताना माणूस मुकादमाला दोन शब्द विचारू शकतो. लढ्यात जमीन मिळवायला आपल्या आईबापांची उमर गेली. ती जमीन उन्हाळ्याच्या हाती सोडायची नाही.

ग्रामसभेत काय ठरलं ते, आणि गिरणवाल्याने काय उत्तर दिलं तेही, आम्हाला लिहून पाठवा. लिहिता येत नसेल तर बाजाराच्या दिवशी येऊन सांगा, आम्ही लिहून घेऊ.

जिंदाबाद!