व्हॉल्व्हच्या जागी जेफेट, एवढ्याने भागत नाही

गिटारच्या पेडलची जी सर्किटे वाचकांकडून आमच्याकडे येतात, त्यांतली बरीचशी अलीकडे एकाच वळणाची असतात. नामांकित व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचे सर्किट घ्यायचे, प्रत्येक ट्रायोडच्या जागी एक जेफेट बसवायचा, तीनशेच्या आसपासच्या व्होल्टेजऐवजी नऊ व्होल्टची बॅटरी जोडायची आणि डब्यावर त्या ॲम्प्लिफायरचे नाव रंगवायचे. पद्धत जुनी आहे, स्वस्त आहे आणि शिकायला उत्तम. पण तेवढ्यावर मूळ ॲम्प्लिफायर डब्यात उतरला असे मानणे म्हणजे स्वतःचीच समजूत घालणे झाले.

याचा पुरावा इतिहासातच आहे. 1962 साली लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शल यांच्या वाद्यांच्या दुकानासाठी केन ब्रॅन आणि डडली क्रेवन यांनी जेटीएम 45 बांधला, तो फेंडरच्या बासमन 5एफ6-ए वरून, जवळजवळ जसाच्या तसा. टोन कंट्रोलची रचना तीच, फेज इन्व्हर्टर त्याच घाटाचा. तरीही दोघांचा आवाज वेगळा. पहिल्या टप्प्यात 12एवाय7 ऐवजी जास्त गेनचा ईसीसी83 आला. निगेटिव्ह फीडबॅक 2 ओहमच्या आउटपुटऐवजी 16 ओहमच्या टॅपवरून घेतल्याने त्याचे प्रमाण वाढले. ट्रान्सफॉर्मर इंग्लंडात मिळाले ते लावले. आणि उघड्या पाठीच्या पेटीतल्या चार दहा इंची जेन्सनच्या जागी बंद पेटीत चार बारा इंची सेलेशन बसले. व्हॉल्व्ह काढून व्हॉल्व्हच घातले तर इतका फरक पडला. मग जेफेट घालून, पुढचे आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर गाळून, आवाज तोच राहील ही अपेक्षा कुठल्या हिशेबाने करायची?

आमचे मत असे की पेडलची आखणी स्पीकरच्या टोकाकडून सुरू करावी. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने गळतो. डिस्टॉर्शनमधून निघणारे वरचे हार्मोनिक तिथेच मरतात, म्हणून कानाला गोड लागते. तेच पेडल थेट मिक्सरला लावा, बरणीत कोंडलेल्या माशीसारखी भुणभुण ऐकू येईल. ऑर्केस्ट्रातल्या ज्या गिटारवादकांना स्टेजवर ॲम्प मिळतच नाही, त्यांना हे सांगायला नको. टेक 21 च्या अँड्र्यू बार्टा यांनी 1989 मध्ये सॅन्सॲम्प आणला तेव्हा त्यात एकही व्हॉल्व्ह नव्हता. ऑप-ॲम्प आणि फिल्टर यांच्या जोरावर स्पीकरसकट ॲम्पचा भास उभा केला होता. आपल्या पेडललाही शेवटी निदान दुसऱ्या ऑर्डरचा लो-पास हवा, आणि ॲम्पच्या तोंडाशी लावताना तो बाजूला करणारा स्विचही. नाहीतर तिथे आवाज बोथट होतो.

ॲम्पला लावताना आणखी एक गोम आहे. बासमनच्या टोन स्टॅकने मधले स्वर आधीच खाली ओढलेले असतात. पुढे फेंडर घराण्याचा ॲम्प असेल तर तोही तेच करतो, आणि बँड सुरू झाला की गिटार गायब. मिडलचे 25 के पॉट काढून 100 के लावून पाहा; खड्डा बराच भरतो.

टोन स्टॅकच्या आधीचा कॅथोड फॉलोअर हा तर सर्वांत दुर्लक्षित भाग. बासमनमध्ये तो मागच्या प्लेटला कपॅसिटरशिवाय थेट जोडलेला असतो. सिग्नल जोरात आला की त्याचा ग्रिड करंट ओढतो आणि लहरीचा माथा गोलावतो. सोर्स फॉलोअर टोन स्टॅकला लागणारा लो इम्पीडन्स देतो, हा गोलावा देत नाही. तो वेगळा आणावा लागतो, आणि आलेल्या सर्किटांत तसा प्रयत्न क्वचितच दिसतो.

आता खुद्द जेफेट. जे201 च्या डेटाशीटमध्ये आयडीएसएस 0.2 ते 1 मिलीॲम्पिअर आणि पिंच-ऑफ 0.3 ते 1.5 व्होल्ट असा पसारा दिला आहे. म्हणजे एकाच पाकिटातले दोन नग एकमेकांच्या पाचपट असू शकतात. ‘ट्रिमर फिरवून ड्रेनवर साडेचार व्होल्ट आणा’ ही पाककृती सगळ्यांना पाठ आहे, पण त्याने व्होल्टेज जुळते, वक्र जुळत नाही. जेफेट वर्गाच्या नियमाने चालतो, ट्रायोड दीड घाताच्या. सोर्स रेझिस्टर नगागणिक निवडला तरच पहिला दुसऱ्याच्या जवळ सरकतो. त्यात लांब पायांचा जे201 बनणे बंद झाल्यापासून लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन मिळणारा प्रत्येक नग तपासूनच घ्यावा. गेट आणि सोर्स जोडून ड्रेनला 9 व्होल्ट दिले की मीटर आयडीएसएस दाखवतो. गेट ग्राउंडला ठेवून सोर्सखाली 1 मेगचा रेझिस्टर लावला तर त्यावरचे व्होल्टेज म्हणजे जवळपास पिंच-ऑफ.

जास्त हेडरूमसाठी चार्ज पंपाने 18 व्होल्ट करणाऱ्यांनी 7660एस घ्यावा आणि पहिली पिन पॉझिटिव्हला जोडावी; नाहीतर ऑसिलेटरची शिट्टी कानाच्या टप्प्यात येते.

यापुढे जेफेटचे सर्किट पाठवताना प्रत्येक नगाचे मोजलेले आयडीएसएस, पिंच-ऑफ आणि ड्रेन व्होल्टेज सोबत लिहावे, आणि पेडल कशाला जोडून ऐकले तेही कळवावे. ही माहिती नसलेली सर्किटे छापायची नाहीत असे आम्ही ठरवले आहे.