फिलिपिनो कथेतील मूल्ये : नमुना आणि कसोटी

फिलिपिनो कथेच्या अभ्यासात एक सोयीची रीत रूढ झालेली दिसते. 'हिया', 'उतांग ना लोओब', 'पाकिकिसामा' अशी काही मूल्ये समाजशास्त्राकडून आधीच घ्यावयाची आणि मग कथांतून त्यांची उदाहरणे वेचावयाची. हिया म्हणजे लोकांपुढे वाटणारा संकोच, भीड. उतांग ना लोओब म्हणजे अंतःकरणावर राहणारे उपकाराचे ऋण. पाकिकिसामा म्हणजे चारचौघांशी जुळवून घेणे. विद्यापीठीय अभ्यासात ही यादी स्थिरावण्यास १९६० नंतरचे फ्रँक लिंच या अमेरिकन जेझुइट मानवशास्त्रज्ञाचे लेखन बऱ्याच अंशी कारणीभूत ठरले. अशा वाचनात कथा मूल्याचा नमुना ठरते. मूल्याची कसोटी पाहणारी कथा मात्र हातून निसटते.

मान्युएल अर्गिल्या यांच्या १९४०च्या संग्रहाची शीर्षककथा पाहावी. थोरला लिओन शहरात वाढलेल्या मारियाला लग्न करून गावी आणतो. वडील त्यांना घ्यायला घोडागाडी पाठवीत नाहीत. धाकट्या बाल्दोला बैलगाडी जुंपून, हमरस्ता सोडून ओढ्याच्या कोरड्या पात्रातून आणि शेतांमधून यावयास सांगतात. ही सुनेची परीक्षा आहे, असे कोणी म्हणत नाही. लिओनला ते उमगते. तो हसतो आणि बोलणे ताऱ्यांकडे वळवितो. मारिया सासऱ्यांविषयीची धास्ती बोलून दाखविते, तरी गाते. घरी पोहोचल्यावर वडील अंधाऱ्या खोलीत बाल्दोलाच विचारतात : ती बैलाला भ्याली का? 'वडीलधाऱ्यांविषयी आदर' आणि 'कुटुंबाचे ऐक्य' हे येथील ठरीव निष्कर्ष. ते खोटे नाहीत, परंतु अपुरे आहेत. ज्याच्या शब्दाबाहेर घरात कोणी जात नाही, त्याला आपल्या परीक्षेचा निकाल एका पोराकडून काढून घ्यावा लागतो. मुलाला सरळ विचारण्याची वाट त्याच्या अधिकारानेच बंद केलेली आहे. आदराच्या व्यवस्थेत आदरणीय माणूस किती एकटा पडतो, हे अर्गिल्या एकही टीकेचा शब्द न वापरता दाखवितात.

अमादोर दागिओ यांची 'वेडिंग डान्स' (१९५३) याहून कठोर आहे. उत्तर लुझॉनच्या डोंगरातील आवियाओ सात सुगी होऊनही मूल नाही म्हणून लुमनायला सोडतो, दुसरे लग्न करतो, आणि त्याच रात्री तिचे सांत्वन करावयास येतो. दोष तिचा नाही, असे तोही म्हणतो. बाहेर घंटांच्या तालावर नृत्य चाललेले असते. वडील मंडळींना जाब विचारावा, या निश्चयाने लुमनाय निघते आणि वाटेतून परत फिरते. या कथेवरून 'अपत्याचे महत्त्व' असे टिपण काढणारा विद्यार्थी वडील मंडळींच्या बाजूने उभा राहतो, आणि हे त्याच्या ध्यानातही येत नाही. पास मार्केस बेनितेस यांच्या 'डेड स्टार्स'मधील (१९२५) वाङ्निश्चयाशी प्रामाणिक राहण्याचेही असेच : शब्द पाळला जातो, पण माणसे त्यातून रिती होतात.

विर्हिलिओ एन्रिकेझ यांनी १९७०च्या दशकापासून या यादीवर आक्षेप घेतला. ही मूल्ये वरवरची आहेत, परक्या नजरेने वेगळी काढलेली आहेत. मुळाशी 'काप्वा', म्हणजे स्वतःत आणि दुसऱ्यात एकच माणूसपण पाहण्याची जाणीव आहे, असे त्यांचे प्रतिपादन. आक्षेप बिनतोड आहे; मात्र एका यादीच्या जागी एकच शब्द बसविल्याने कथावाचनाची अडचण सुटत नाही. बाल्दोचे वडील आणि सून यांच्यात काप्वा आहे असे म्हणून त्या अंधाऱ्या खोलीचे काय उलगडते?

शिवाय भाषेचा प्रश्न उरतोच. या तिन्ही कथा मूळ इंग्रजीत लिहिलेल्या आहेत. त्यांतील मूल्यांना दिली जाणारी नावे तागालोग आहेत. अर्गिल्यांचे गाव इलोकानो भाषकांचे, आणि दागिओंच्या डोंगरातील लोकांचीही बोली तागालोग नव्हे. 'राष्ट्रीय मूल्य' म्हणून जे शिकविले जाते ते कथेत उतरण्यापूर्वी अशा दोन भाषा ओलांडते. आपल्याकडे ग्रामीण कथेतून 'ग्रामीण मूल्ये' काढण्याचा जो प्रघात आहे, त्याच्याशी याचे साम्य अध्यापकांच्या लक्षात येईलच. लुमनाय वाटेतून का परतली, हे तिच्या समाजाच्या मूल्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी ती घेवड्याच्या शेताकडे जाते तो कथेचा शेवट पुन्हा वाचावा लागतो.