दरीत पडलेल्याला आपण वर काढतो, मग गर्दमध्ये पडलेल्याला का नाही?

मावळकरांनो, लोणावळा-खंडाळेकरांनो,

30 जून 2024 चा रविवार आठवा. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण डोळ्यांदेखत वाहून गेले. हडपसरची माणसं, आपल्या ना नात्याची ना गोत्याची. तरी 'शिवदुर्ग मित्र' बचाव पथकाची आपली पोरं पाण्यात उतरली, पोलीस आले, नौदलाचे पाणबुडे आले, दुसऱ्या दिवशीही शोध चालू राहिला. 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा पूल इंद्रायणीत कोसळला तेव्हाही आजूबाजूच्या गावांतली माणसं हातातली कामं टाकून धावली. पाटी वाचूनही तू पाण्यात का उतरलास, असं कुणी दोर सोडण्याआधी विचारलं नाही.

मग आपल्याच आळीतला मुलगा गर्दला, म्हणजे ब्राऊन शुगरला लागतो, गोळ्यांना लागतो, तेव्हा आपण दार का लावून घेतो?

'हे सगळं बंगल्यांवर पार्ट्या करायला येणाऱ्यांचं पाप आहे,' हे उत्तर आपल्याला फार सोयीचं झालं आहे. पार्टीवाले सोमवारी मुंबई-पुण्याला परत जातात. व्यसन लागलेला मुलगा सोमवारीही इथेच असतो, आईच्या घरात. आणि प्रत्येकाची सुरुवात पार्टीतच होते असंही नाही. कुणाला पाठदुखीवर मिळालेली ट्रामाडोलची गोळी सुटत नाही, कुणाला कोडीनचं खोकल्याचं औषध. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. अफू, गर्द आणि त्याच जातीच्या वेदनाशामक औषधांचं सेवन करणारे देशात सव्वादोन कोटींच्या घरात, आणि त्यातल्या सुमारे 77 लाखांना मदतीची गरज, असं तो सांगतो. यातलं कुणीच मुंबई-पुणे रस्त्यावरच्या आपल्या गावांत राहत नसेल, असं कोण छातीठोक सांगेल?

घरात कळतं फार उशिरा. गादीखाली करपलेली चांदीची पन्नी सापडते, तिच्यावर तपकिरी रेघ. घट्ट गुंडाळी केलेली दहाची नोट सापडते. आधी पैसे जातात, मग भांडी, मग बहिणीचे कानातले. आणि एखाद्या दिवशी माल मिळाला नाही की टर्की सुरू होते. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, जुलाब, पोटऱ्यांत पेटके, हाडं कुणी आतून पिळतंय अशी वेदना, रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही. पोरगा गुरासारखा ओरडतो म्हणून आई खिडक्या लावून घेते, शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात.

यावर आपण काढलेले उपाय आता उघडपणे वाईट म्हटले पाहिजेत. मारहाण हा उपाय नाही. खोलीत कोंडणं, साखळीनं बांधणं हा गुन्हा आहे. कणकेत गुपचूप मिसळायची पूड विकणारा तुम्हाला लुबाडतो आहे. आणि 'लग्न करून द्या, सुधारेल' हा सगळ्यांत क्रूर सल्ला. एका आजारी मुलाच्या पायी दुसऱ्याच्या मुलीचं आयुष्य उधळायचा हक्क कोणत्याही भावकीला नाही.

दारूचं दुकान बंद करायला बायका आडव्या बाटलीला मतदान करू शकतात. गर्दला परवानाच नाही, मतदान कशावर घ्यायचं? पोलिसांनी विकणाऱ्यांना धरलंच पाहिजे, त्यात कसूर झाली तर जाब विचारू. पण फक्त छाप्यांनी भागत नाही. एक विकणारा आत गेला तरी ज्याला टर्की येते तो दुसरा शोधतो.

पुण्याला हे चाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं. शहरात ब्राऊन शुगर पसरली तेव्हा अनिल अवचटांनी व्यसनी मुलांशी, त्यांच्या घरच्यांशी बोलून लिहायला सुरुवात केली. डॉ. सुनंदा (अनिता) अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. ते लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे देणगी घेऊन उभे राहिले, मनोरुग्णालयाच्या आवारात जागा मिळाली आणि 29 ऑगस्ट 1986 ला 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. जागा सरकारची, देणगी लेखकाची, औषध डॉक्टरांचं, आणि पुढे काम करायला माणसं कोण? बरे झालेले व्यसनीच. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट उभा राहिला, कारण मार त्या खातात आणि दोषही त्यांनाच दिला जातो. कुणा एकाच्यानं हे झालं नसतं.

पण पस्तीस दिवस येरवड्याला मुक्तांगणात ठेवलं की आपलं काम संपलं, असं मानणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. उपचार घेऊन, किंवा तुरुंगातून सुटून, मुलगा परत येतो तेव्हा त्याच्या शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी जेवढी पचत होती तेवढीच मात्रा आता जीव घेऊ शकते. श्वास मंदावतो, ओठ निळे पडतात, घशातून घरघर येते, हलवलं तरी जाग येत नाही. घरच्यांना वाटतं, दमून झोपलाय. झोपू देऊ नका! कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगा. नॅलोक्सोन नावाचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर श्वास परत येतो. ते तालुक्याच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि प्रत्येक 108 गाडीत कायम असलंच पाहिजे, ही आमची पहिली मागणी.

ब्युप्रेनॉर्फिन ही जिभेखाली ठेवायची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. टर्की थांबते, मुलगा कामावर जाऊ शकतो, मरणाचा धोका बराच कमी होतो. 'एक नशा सोडून दुसरी' म्हणून तिला नाकं मुरडणाऱ्यांनी मधुमेह्याच्या रोजच्या इन्सुलिनकडे बघावं. ही गोळी वडगाव-कान्हे भागातल्या सरकारी दवाखान्यात मिळावी. रोजची मजुरी बुडवून पुण्याला खेटे घालणं गरिबाला झेपत नाही.

औषध दुकानदारांनो, तुम्ही आमचेच आहात. ट्रामाडोल, कोडीन चिठ्ठीशिवाय देऊ नका. एच-वन यादीतल्या औषधांची नोंदवही कायद्यानं तीन वर्षं ठेवावी लागते, ती खरीखुरी भरा. रोज तोच मुलगा तीच गोळी मागायला येत असेल तर नुसता हाकलू नका, कुठे जायचं ते सांगा.

पालकांनो, पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यातलं 64-अ हे कलम सांगतं की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य रुग्णालयात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालवता येत नाही. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. हे कलम प्रत्येक ठाण्याबाहेर मराठीत लावा, ही आमची दुसरी मागणी.

आणि मंडळांनो! गणपती उठले की तुमच्या कार्यालयांना कुलूप लागतं. आठवड्यातली एक संध्याकाळ ती उघडी ठेवा. सुटलेले, सुटू पाहणारे, त्यांच्या आया-बायका तिथे बसतील, बोलतील. त्यांना चहा द्या, भाषण देऊ नका. परत आलेल्या मुलाला हॉटेलात, गॅरेजमध्ये, शेतावर काम द्या. त्याचा पाय पुन्हा घसरला तर पुन्हा दवाखान्यात न्या. हा आजार उलटतो, त्यात लाज कसली?

आज रात्रीच कुणाला गरज असेल तर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर फोन करा, पैसे पडत नाहीत. आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठी हा विषय ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आधीच लेखी द्या. लोणावळा, तळेगाव, वडगावकरांनी आपल्या नगरसेवकाच्या हातात हे पत्रक ठेवावं. सभेला एकट्यानं येऊ नका. ज्या घराचं दार लावलेलं आहे, त्या घरातल्या आईला सोबत घेऊन या.