थ्रॅश वाजवणाऱ्या तुमसरच्या पोरांनो

तुमसरात दोन गिटार आणि एक ड्रमसेट जमवून थ्रॅश मेटल वाजवू पाहणारी पोरं, आणि या धडाम्धुडुमने डोकं उठलेले त्यांचे आईबाप, दोघांनाही चार गोष्टी सांगायच्या आहेत.

मुंबईचा ‘सेप्टर’ हा आपल्याकडच्या जुन्या थ्रॅश बॅंडांपैकी एक. सुरू झाला १९९८ साली. पहिला पूर्ण अल्बम, ‘नाऊ ऑर नेव्हर’, आला २००८ साली. म्हणजे दहा वर्षं गेली. दुसरा, ‘एज ऑफ कॅलॅमिटी’, २०१३ साली, आणि तो बायकांच्या शोषणावर. तेव्हा सहा महिन्यांत रील चाललं नाही म्हणून गिटार विकायला काढू नका. मुंबईचाच ‘झिग्नेमा’ २०११ साली जर्मनीत वाकनच्या महोत्सवात वाजवून आला, हे खरं. पण अशी संधी क्वचितच येते. कॉलेज, आयटीआय, दुकान, जे हाती असेल ते सोडू नका. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर कितीतरी जण शेती सांभाळूनच रात्रीचं नाटक करत आलेत, त्यांना विचारा.

आता हाताचं. थ्रॅशचा सगळा जीव उजव्या हातात. तळव्याची कड ब्रिजपाशी तारांवर हलकी टेकवायची आणि पिक फक्त खालच्या दिशेने मारायचा. वेग आधी नको. मोबाइलवर मेट्रोनोम लावा, निम्म्या वेगाने प्रत्येक ठोका सुटा ऐकू येईपर्यंत वाजवा, मग वाढवा. मनगट दुखायला लागलं की थांबा. दुखणं अंगावर काढणारा पुढे वाजवतच नाही.

कानांबद्दल मात्र मी हट्टी आहे. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास, इथवरच कानाला झेपतं असं मानतात. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. बंद खोलीतला ड्रमसेट शंभरी सहज गाठतो, म्हणजे सुरक्षित वेळ उरतो पंधरा मिनिटं. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग स्वस्तात मिळतात, ते घाला. वाजवून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या. एकदा गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही.

शेजाऱ्यांचंही ऐका. रात्री दहानंतर ॲम्प्लिफायर बंद. मुंबईतलं रंगभवन, जिथे रॉकवाल्यांच्या पिढ्या वाजवून गेल्या, ते शांतता क्षेत्राच्या नियमात अडकून मैफलींना मुकलं. तिथे ही गत, तर आपल्या गल्लीत काय होईल?

पहिलं गाणं रेकॉर्ड करण्याआधी शब्द कोणाचे, चाल कोणाची हे कागदावर लिहून सगळ्यांनी सह्या करा. दोस्तीत कागद कशाला, असं म्हणणारेच पुढे भांडतात.

आईबापांनो, तुम्ही वेळ ठरवून द्या. गिटार लपवून ठेवू नका. आणि राईस मिलवाल्या भाऊंना एक विनंती: हंगाम सरला की रिकामं पडलेलं एखादं गोदाम रविवारच्या दुपारी या पोरांना द्या. टिनाच्या छपराखाली आवाज फार घुमतो, म्हणून भिंतींवर जुना बारदाना दुहेरी टांगायला सांगा. वीजबिल त्यांच्याकडूनच घ्या, आणि झाडूही त्यांच्याच हातात द्या.