इंग्रजीच्या पेपरात वेळ का पुरत नाही?



दिवाळीची सुट्टी संपली की पेण-रोह्याकडच्या दहावीच्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, मुलाला सगळं येतं हो, पण इंग्रजीचा पेपर पूर्णच होत नाही. बुद्धीचं एखादं टॉनिक लिहून द्या ना." कुणी घाबरू नये म्हणून गोळी मागतं, तर कुणी मुलासमोरच सांगतं, "आळशी आहे नुसता, हातच चालत नाही त्याचा."

यावर माझं मत स्पष्ट आहे. पेपर अपुरा राहतो तो बहुतेक वेळा हातामुळे राहत नाही, आणि बुद्धी कमी म्हणून तर मुळीच नाही. वाचनाचा वेग, डोळे, झोप आणि भीती या चार गोष्टींत त्याचं कारण सापडतं. आणि "भरभर लिही" हे वाक्य या चारपैकी एकावरही औषध नाही.

वाचतानाच वेळ जातो

मराठी माध्यमाच्या दहावीच्या मुलांचा इंग्रजीचा लेखी पेपर 80 गुणांचा आणि 3 तासांचा असतो. त्यात पुस्तकातले उतारे असतात, कविता असते, कधीही न पाहिलेला उतारा असतो, पत्रलेखन असतं, शेवटी भाषांतरही असतं. म्हणजे लिहिण्याआधी वाचायचं खूप असतं.

आपल्याकडचं मूल हे कसं वाचतं बघा. खाडीकाठच्या गावात घरी आगरी बोलली जाते, शाळेत प्रमाण मराठी, आणि पेपरात इंग्रजी. वाडीवरच्या कातकरी मुलाची तर घरची बोली आणखी वेगळी. हे मूल इंग्रजी वाक्य वाचतं, मनात त्याचं मराठी करतं, उत्तर मराठीत सुचतं, मग त्याचं पुन्हा इंग्रजी करतं आणि मग लिहितं. घरात इंग्रजी असलेल्या मुलाला यातल्या दोन पायऱ्या चढाव्याच लागत नाहीत. दोघांची बुद्धी सारखी असली तरी एकाचा रस्ता लांबचा आहे, आणि घड्याळ मात्र दोघांना एकच.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. पण अनेक घरांत मूल इंग्रजी 'वाचतं' म्हणजे गाइडमधली उत्तरं पाठ करतं. पाठांतराने पुस्तकातला प्रश्न सुटेल, न पाहिलेला उतारा सुटणार नाही. वेळ अडकतो तो तिथेच.

भीती पाटीवरची जागा खाते

आपल्या मेंदूत एक छोटी पाटी असते असं समजा. आम्ही तिला वर्किंग मेमरी म्हणतो. वाक्याची सुरुवात लक्षात ठेवून शेवटापर्यंत पोहोचणं, प्रश्न ध्यानात ठेवून उताऱ्यात उत्तर शोधणं, ही कामं या पाटीवर चालतात. पाटी सगळ्यांचीच लहान असते. त्यावर "वेळ संपत आला", "बाबा काय म्हणतील", "शेजारच्याने पुरवणी घेतली" असं लिहिलं गेलं, की इंग्रजी वाक्याला जागा उरत नाही. मग एकच ओळ मूल तीन-तीनदा वाचतं.

त्याच वेळी शरीरात अॅड्रेनॅलिन वाढतं, छातीत धडधडतं, तळहाताला घाम सुटतो. श्वास उथळ आणि जलद झाला तर बोटांना मुंग्याही येतात. हा हृदयाचा आजार नव्हे, चक्करही मारून आणलेली नव्हे. घाबरलेल्या शरीराचं हे नेहमीचं वागणं आहे.

थोडा ताण मात्र हवाच. यर्क्स आणि डॉडसन या शास्त्रज्ञांनी 1908 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की ताण वाढला की एका मर्यादेपर्यंत शिकणं सुधारतं, पण काम अवघड असेल तर ती मर्यादा लवकर येते. परक्या भाषेतला पेपर हे अवघडच काम आहे. म्हणून घरातून वाढवलेला प्रत्येक ताण इथे उलटा पडतो.

ओरडण्याआधी हे तपासून घ्या

*डोळे.* फळ्यावरचं दिसत नाही हे मुलं सांगत नाहीत, कारण सगळ्यांना तसंच दिसतं असं त्यांना वाटतं. काहींना जवळचं वाचतानाही त्रास होतो. डोकं दुखणं, ओळ सुटणं, वही नाकाशी धरणं ही खूण समजा. दहावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच नंबर तपासून घ्या. सरकारी आणि अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

*रक्त.* वयात आलेल्या मुलींमध्ये लोहाची कमतरता आपल्याकडे खूप आढळते. थकवा आणि लक्ष न लागणं हे तिचंच लक्षण असू शकतं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी कचऱ्यात टाकायची वस्तू नाही.

*झोप.* वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. या वयात 8 तास तरी झोप हवी. रात्री 2 पर्यंत जागून दुसऱ्या दिवशी उतारा वाचणं म्हणजे धुरकट काचेतून वाचणं.

*वाचन-लेखनाची अडचण.* मूल बोलण्यात हुशार आहे, तोंडी उत्तरं बरोबर देतं, पण वाचताना सतत अडखळतं, अक्षरं उलटसुलट करतं, मराठीतही त्याचं लिहिणं फारच मागे आहे? मग डिस्लेक्सियासारखी विशिष्ट अध्ययन अक्षमता असू शकते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र विद्यार्थ्याला तासाला किमान 20 मिनिटं जादा वेळ मिळायला हवा, म्हणजे 3 तासांच्या पेपराला 1 तास. त्यासाठी अधिकृत प्रमाणपत्र लागतं आणि ते मिळायला वेळ जातो. परीक्षा तोंडावर आल्यावर धावू नका, आठवी-नववीतच मुख्याध्यापकांशी बोला. हा हक्क आहे, यात लाजण्यासारखं काही नाही.

एका गुणाला दोन मिनिटं

आता घड्याळाचं बघू. 80 गुण, 180 मिनिटं. एका गुणाला 2 मिनिटं दिली तर 160 मिनिटं होतात आणि 20 हातात उरतात. सुरुवातीची 10 पेपर वाचायला, शेवटची 10 तपासायला.

म्हणजे 5 गुणांच्या पत्राला 10 मिनिटं, 10 गुणांच्या प्रश्नाला 20. पेपर 11 ला सुरू झाला तर साडेबारापर्यंत 40 गुणांचं लिहून व्हायला हवं. मुलाने एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे, दर पाच मिनिटांनी घड्याळ बघावं लागत नाही. प्रश्नाची वेळ संपली की जागा सोडून पुढे जायचं. अर्धवट उत्तराला थोडे तरी गुण मिळतात, कोऱ्या पानाला मिळत नाहीत. आणि उताऱ्याआधी त्याखालचे प्रश्न वाचायचे, म्हणजे काय शोधायचं ते ठाऊक असतं.

पूर्वी मंडळ प्रश्नपत्रिका 10 मिनिटं आधी देत असे. 2023 मध्ये गैरप्रकार टाळण्यासाठी ते बंद झालं आणि ती 10 मिनिटं शेवटी मिळू लागली. हिशोबाने वेळ तेवढाच. पण डॉक्टर म्हणून मला विचाराल तर सुरुवातीची 10 मिनिटं जास्त मोलाची होती, कारण पेन खाली असताना वाचलं की धडधड कमी होते. सीबीएसईच्या मुलांना वाचनासाठी 15 मिनिटं मिळतात. गैरप्रकार रोखायचा दुसरा मार्ग काढून आपल्या मुलांनाही तो वेळ परत मिळावा, असं मला वाटतं. तोवर पहिली 10 मिनिटं मुलाने स्वतःच राखून ठेवावीत.

हे सगळं परीक्षेच्या दिवशी जमत नाही, त्याला सराव लागतो. रोज 15 मिनिटं न पाहिलेलं काहीही इंग्रजी वाचायचं: जुना पेपर, खालच्या इयत्तेचं पुस्तक, औषधाच्या खोक्यावरची माहितीसुद्धा. डिसेंबरपासून आठवड्याला एक पेपर घड्याळ लावून, शक्यतो सकाळी 11 लाच सोडवायचा. सरावाने घड्याळ ओळखीचं होतं, आणि ओळखीच्याची भीती कमी वाटते.

वर्गात घाबरल्यासारखं झालं तर पेन खाली ठेवून 4 आकड्यांत श्वास आत, 6 आकड्यांत बाहेर, असं सहा वेळा करायचं. याला एक मिनिट लागतं, म्हणजे अर्ध्या गुणाचा वेळ. त्या मिनिटात पाटी पुसली जाते.

गोळ्यांबद्दल

बुद्धी वाढवणारं टॉनिक नाही. धडधड कमी करणारी गोळी कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका. त्यातल्या काही दम्याच्या मुलाला धोक्याच्या ठरू शकतात. एनर्जी ड्रिंकने झोप उडते आणि हात थरथरतात. परीक्षेच्या दिवशी घरचे नेहमीचे पोहे शेंगदाणे घालून, सोबत पाणी, एवढं पुरतं. आणि गावातून एसटीने किंवा मिनीडोअरने यायचं असेल तर केंद्रावर अर्धा तास आधी पोहोचेल असं निघा. धापा टाकत बाकावर बसलेल्या मुलाची पहिली 10 मिनिटं धाप जाण्यातच जातात.

शेवटचं, पण महत्त्वाचं

पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा 1916 साली इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघाले आणि वाटेत सुरतला उतरून काशीला गेले. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख 1912 साली मॅट्रिकला पहिले आले आणि पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. मुलांनी गाडीतून उतरावं असं मी सुचवत नाही. पण माणूस किती मोठा होणार हे एका पेपरावरून ठरत नाही, हे आपल्या मातीला माहीत आहे.

ज्याला रोज "आळशी" म्हटलं जातं ते मूल हळूहळू तेच खरं मानू लागतं. जेवण कमी झालं, मूल गप्प राहू लागलं, "माझ्याने काही होणार नाही" किंवा "मी नसलेलंच बरं" असं बोललं, तर परीक्षा संपण्याची वाट बघू नका. त्याच दिवशी जवळ बसा, डॉक्टरांकडे न्या. टेलीमानसच्या 14416 या मोफत सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही बोलता येतं.

पेपर पुरवणी परीक्षेत पुन्हा देता येतो. म्हणून आज संध्याकाळी मुलाला "किती लिहून झालं?" असं विचारण्याऐवजी "कुठे अडतंय?" एवढं विचारून बघा.