तारेचा नंबर

सुशिक्षित घराच्या दिवाणखान्यांत एखादें वाद्य असावें, ही आपल्याकडील जुनी हौस आहे. पूर्वीं त्या जागीं पेटी किंवा तंबोरा असे. आतां पुष्कळ घरांत त्यांच्या शेजारीं गिटार येऊन बसली आहे. हें पुण्या-मुंबईसच घडतें असें नाहीं. लातुरास व नांदेडासहि ज्या घरांत पहांटे मुलांच्या अभ्यासाची गडबड असते, त्याच घरांतून सायंकाळीं गिटारीचे सूर ऐकूं येतात. या नव्या पाहुणीविषयीं वडील मंडळींचें मत कांहींहि असो, ती एकदां घरांत आली म्हणजे तिची निगा राखणें हें घरच्यांचें कर्तव्य ठरतें. आणि त्या निगेंतील पहिला प्रश्न म्हणजे तार कोणती लावावी, हा होय. या महिन्यांत आम्ही याच विषयावर चार शब्द लिहिणार आहों. त्यास कारण आमचीच एक चूक आहे. ती सांगितल्यानें इतरांची तरी चूक टळेल, या समजुतीनें प्रथम ती येथें नमूद करतों.

आमच्या लातूरच्या घरीं वडिलांच्या वेळचा मिरजेचा तंबोरा आहे. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांच्या गाडींतून तो त्यांनीं मांडीवर आडवा धरून आणला, ही कथा घरांत अनेकदां सांगितली जाते. त्याच्या तारा बदलण्याचें काम आमच्याकडे आहे, व त्याचा आम्हांस थोडा अभिमानहि आहे. एका उन्हाळ्यांत आमच्या बारा वर्षांच्या नातीच्या गिटारीची तार तुटली. बाकीच्या तारा गंजलेल्या होत्या, म्हणून सगळा संचच बदलावा असें ठरलें. आणि "तारांतलें आजोबांस कळतें" असें सर्वानुमतें होऊन तें काम आमच्याकडे आलें. नांदेडास एका लग्नाला गेलों होतों, तेथील दुकानांत चौकशी केली. दुकानदारानें चार पाकिटें पुढें ठेवलीं : १०, ११, १२ व १३. मुलीचीं बोटें कोंवळीं, तिला बारीक तार हवी, हें आम्हांस ठाऊक होतें. तंबोऱ्याच्या तारेचा नंबर जितका मोठा तितकी तार बारीक, हेंहि आम्हांस पक्कें ठाऊक होतें. तेव्हां कोणास कांहीं न विचारतां आम्हीं १३ नंबरचें पाकीट उचललें.

तारा चढल्या. आवाज भरदार निघाला व आम्ही प्रसन्न झालों. पहिल्या आठवड्यांत नात रोज वाजवावयास बसे. दुसऱ्यांत एक दिवसाआड बसूं लागली. तिसऱ्यांत गिटार पिशवींत गेली. हल्लींच्या मुलांस चिकाटी नाहीं, असें घरांत बोलणें झालें. तें बोलणाऱ्यांत आम्हीहि होतों. त्याच सुमारास पुण्याहून आमचा भाचा आला. त्यानें गिटार बाहेर काढली, दोन-चार ठिकाणीं तारा दाबून पाहिल्या, आणि मग मुलीचा डावा हात उलटा करून पाहिला. बोटांचीं टोकें लाल होऊन सुजलीं होतीं, एका बोटाची कातडीहि सुटली होती. "मामा, या तारा कोणी आणल्या?" त्यानें विचारलें. कोणीच बोललें नाहीं. मुलगी खालीं पाहत होती. मग त्यानें गिटार तिरपी धरून दाखविली : ज्या लाकडी पट्टीस तारा अडकवितात त्या ब्रिजच्या मागें तबली फुगली होती, आणि ब्रिजखालीं पोस्टकार्डाची कड शिरेल एवढी फट पडली होती. त्या चार पाकिटांत १३ नंबरचें पाकीट सर्वांत जाड तारांचें होतें!

आतां हा घोटाळा कां झाला, तें पाहूं. आपल्याकडे तंबोऱ्या-सतारीच्या सुट्या तारा ज्या नंबरानें मिळतात, तो ब्रिटनमध्यें १८८३ सालीं कायम झालेल्या तारमापनाचा नंबर होय. सोनार भोकांच्या पोलादी पट्टीतून तार ओढून बारीक करतो, तें आपण पाहिलेंच असेल. तार जितक्या अधिक भोकांतून जाईल तितकी ती बारीक होत जाते. म्हणून या जुन्या पद्धतींत नंबर वाढला कीं जाडी कमी होते. गिटारीच्या पाकिटावरील आंकडा मात्र सरळ जाडीचाच असतो, व तो इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेला असतो. १० म्हणजे इंचाचे हजार भाग करून त्यांतील दहा; मिलिमीटरांत सांगावयाचें तर सुमारें पाव मिलिमीटर. तंबोऱ्याची ३० नंबरची तार सुमारें साडेबारा हजारांश इंच जाड असते. म्हणजे तंबोऱ्याची "तीस" ही गिटारीच्या "बारा"हून किंचित् जाड झाली. दोन्ही दुकानें एकाच गल्लींत असतील, पण त्यांचे आंकडे उलट दिशांनीं चालतात, हें ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट अशी कीं, गिटारीच्या संचास त्यांतील सर्वांत बारीक तारेच्या आंकड्यानें ओळखतात. "बाराचा संच" म्हणजे पहिली तार १२ व सहावी साधारणपणें ५३. दोन बारीक तारा नुसत्या पोलादाच्या असतात. उरलेल्या चार तारांत पोलादी गाभ्यावर तांब्याच्या मिश्रधातूची बारीक तार गुंडाळलेली असते.

जाडी थोडी वाढली तर एवढा फरक कां पडावा, अशी शंका वाचकांस येईल. तारेची लांबी व सूर तोच ठेवला, तर तिला द्यावा लागणारा ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. १० ऐवजीं १२ ची तार लावली तर जाडी एक-पंचमांशानेंच वाढते, परंतु ताण शेंकडा ४४ नें वाढतो. १३ ची लावली तर शेंकडा ६९ नें. संपूर्ण संचाचा हिशेब केला, तर १० च्या संचाचा एकंदर ताण सुमारें ६० किलो, १२ च्या संचाचा सुमारें ७४ किलो व १३ च्या संचाचा सुमारें ८४ किलो भरतो. म्हणजे आम्हीं त्या पातळ तबलीच्या पेटीस व त्या मुलीच्या चार बोटांस, नकळत कां होईना, क्विंटलभर धान्याच्या पोत्याशीं झुंजावयास लावलें होतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

याहून मोठा धोका एक आहे. गिटारीच्या दोन जाती आहेत. एक पोलादी तारांची व दुसरी नायलॉनच्या तारांची. दुसरीस अभिजात गिटार म्हणतात. तिला पूर्वीं आंतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धांत त्या दुर्मिळ झाल्या, तेव्हां न्यूयॉर्कमधील आल्बर्ट ऑगस्टीन यांनीं सुप्रसिद्ध वादक सेगोव्हिआ यांच्या प्रोत्साहनानें नायलॉनच्या तारा केल्या. या तारांचा एकंदर ताण ४० किलोंच्या आसपास, म्हणजे पोलादी संचाच्या जवळजवळ निम्मा असतो. अशा गिटारीवर पोलादी तारा चढविल्यास तबली फुगते, दांडी वांकते व वाद्य कायमचें निकामी होऊं शकतें. ओळखण्याची खूण सोपी आहे : अभिजात गिटारीची दांडी रुंद असते व तारा ब्रिजवर गांठ मारून बांधलेल्या असतात, पोलादी गिटारींत तारेच्या टोकाचा मणी ब्रिजच्या भोकांत खुंटीनें बसविलेला असतो. वाद्य जुनें किंवा कोणी भेट दिलेलें असेल, तर ही खूण पाहिल्यावांचून दुकानांत जाऊं नये.

जाडीचा निर्णय झाला म्हणजे धातूचा प्रश्न येतो. पाकिटावर दोन नांवें बहुधा आढळतात. "८०/२० ब्राँझ" यांत ८० भाग तांबें व २० भाग जस्त असतें. खरें पाहतां तें पितळच होय. याचा आवाज नव्यांत लखलखीत येतो, परंतु ती लकाकी लवकर उतरते. "फॉस्फर ब्राँझ" यांत तांब्याबरोबर थोडें कथील व अत्यल्प फॉस्फरस असतो. डॅडारिओ या तार करणाऱ्या घराण्यानें १९७४ पासून या तारा प्रचारांत आणल्या. आवाज थोडा उबदार, आणि टिकाऊपण अधिक. आपल्या तंबोऱ्यांतहि जोडीच्या तारा पोलादी व खर्जाची पितळी असतेच. धातू बदलला कीं स्वराचा स्वभाव बदलतो, हें तंबोरा लावणाऱ्यास निराळें सांगावयास नको. तिसरा प्रकार पातळ लेपाच्या तारांचा. त्यांची किंमत बरीच अधिक, पण हाताच्या घामापासून त्या पुष्कळ दिवस वांचतात. ज्यांच्या बोटांच्या घामानें तारा लवकर काळ्या पडतात, त्यांस त्या अखेरीस स्वस्तच पडतात.

येथें आपल्या हवेचा विचार करणें अवश्य आहे. मराठवाड्याचा उन्हाळा किती कोरडा, हें लातूरकरांस कोणी सांगावें! २०१६ च्या एप्रिलांत मांजरा धरण आटलें असतां मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. दहा वाघिणींची पहिली गाडी पांच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलास आली. ज्या मिरजेनें आमच्या घरास तंबोरा दिला, तिनेंच गांवास पाणी दिलें, याची आठवण तो तंबोरा पाहिला कीं आम्हांस होते. (मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, ही गोष्ट सर्वांस आनंदाची आहे.) असो. अशा कोरड्या हवेंत लाकूड आकसतें, सांधे उकलतात, आणि त्यांत जाड तारांचा ताण असला म्हणजे ब्रिज सुटण्यास वेळ लागत नाहीं. उलट पावसाळ्यांत, विशेषतः नांदेडास गोदेकांठीं, पोलादी तार पाहतां पाहतां गंजते. म्हणून गिटार पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीस टेकवूं नये, कूलरच्या ओल्या झोतांतहि ठेवूं नये, पेटींत ठेवावी. हात धुवून वाजवावें व नंतर कोरड्या सुती फडक्यानें तारा पुसाव्यात. तारेवर बोटास खरखर लागूं लागली, किंवा ती सुरांत लावूनहि बेसूर वाटूं लागली, कीं ती बदलण्याची वेळ झाली असें समजावें. बदलतांना सर्व तारा एकदम न काढतां एकेक काढून एकेक लावावी, म्हणजे दांडीवरील ताण एकाएकीं जात नाहीं.

वरील सर्व विवेचनाचें सार थोडक्यांत असें : नवशिक्या मुलामुलींस १० चा संच द्यावा, बोटें सरावल्यावर, हवें असल्यास ११ चा. १२ चा संच मोठ्या माणसांस व चांगल्या मजबूत वाद्यास ठीक. १३ च्या वाटेस गिटारीच्या जाणकारास विचारल्याशिवाय जाऊं नये. एवढ्यानेंहि बोटें दुखत असतील, तर सर्व तारा एक पूर्ण स्वर खालीं लावाव्यात. त्यानें ताण सुमारें एक-पंचमांश कमी होतो, व लहान गळ्यास गातांनाहि बहुधा सोईचें पडतें. तारा पडद्यांपासून फार उंच असतील, तर मात्र दोष तारांचा नसून वाद्याच्या जुळणीचा असतो. तो कारागिराकडून दुरुस्त करून घ्यावा.

आमच्या घरीं पुढें काय झालें, तें सांगून हा लेख पुरा करतों. भाच्यानें त्याच दिवशीं तारा सैल केल्या. एका कारागिरानें ब्रिज पुन्हां चिकटवून दिला व १० चा संच चढला. बोटें बरीं झाल्यावर मुलगी आपणहून बसूं लागली. आतां ती तास तास उठत नाहीं. एके दिवशीं आम्हीं तिला विचारलें, "तुला एवढें दुखत होतें, तर तूं तेव्हांच कां बोलली नाहींस?" ती म्हणाली, "आजोबा, तुम्हांला तारांतलं कळतं ना, म्हणून मला वाटलं माझंच चुकतंय."

या उत्तरावर आम्हांस बोलण्यासारखें कांहीं राहिलें नाहीं. एकत्र कुटुंबांत वडिलांच्या शब्दास मान असतो, व तो असावा. परंतु त्या मानापायीं लहानांचें दुखणें मुकें राहत असेल, तर तें विचारून काढण्याची जबाबदारी वडिलांचीच होय. तेव्हां आमची वाचकांस विनंति एवढीच कीं, दुकानदारास नंबर सांगण्यापूर्वीं त्या नंबराचा अर्थ त्यासच विचारून घ्यावा, आणि नव्या तारा चढल्यावर आठवड्याच्या आंत मुलाचा हात हातीं घेऊन त्याचीं बोटें एकदां पाहावींत.